पडद्यातलं भोक

पियानोच्या पट्ट्या पुसायच्या, पण एकही वाजू द्यायची नाही, हे कसब पडदाताईंच्या हातात नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आलं. फडकं ओलं नको आणि अगदी कोरडंही नको. पट्टीच्या मागच्या टोकाला ते नुसतं टेकवायचं आणि हळूच आपल्याकडे घ्यायचं, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत तसं. बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, संगीत सभागृहात झाडलोटीला लागल्या होत्या, आणि त्या वेळचे चिटणीस पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आवाज आला तर समजेन, कामं टाकून वाजवत बसली आहेस." ताईंनी ते बोलणं असं काही मनाला लावून घेतलं की पुढच्या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक सूर निसटला नाही.

पडदाताई हे नाव नंतरचं.

सभागृहात दर वर्षी पियानोवादनाची स्पर्धा होई, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींची. सुरुवातीला परीक्षक समोर बसत आणि स्पर्धक समोर येई. मग कुणाचा कोट भारी, कुणाचे वडील ओळखीचे, कुणाचं हसू गोड, हे सगळं सुरांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसे. एका वर्षी त्यावरून बरंच वाजलं, म्हणजे पियानो सोडून बाकीचं. तेव्हा समितीने ठरवलं की पहिली फेरी पडद्याआडून घ्यायची. पडदा कुठून आणायचा, यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत चहाचे कप उचलता उचलता ताई म्हणाल्या, "माझ्या घरी शिंपी आहे."

घरचा शिंपी म्हणजे त्यांचा नवरा. त्याने सात मीटर रुंदीचा, तीन पदरी काळा पडदा शिवला. शिवताना कुरकुरला, "एवढं जाड कशाला? नाटक आहे का?"

"नाटक होऊ नये म्हणूनच," ताई म्हणाल्या.

पडदा लावायचा, सरकवायचा, त्यामागे स्पर्धकाला नेऊन बसवायचं, हे काम मग त्यांच्याकडेच आलं. हळूहळू नंबर वाटायचं कामही आलं. आधी घरून पाठवलेली रेकॉर्डिंग यायची, दीडशेच्या वर. ताई प्रत्येकाला नंबर द्यायच्या. सुरुवातीला कुणी आपलं नाव सांगितलं असेल तर तेवढा भाग कापून घ्यायच्या. परीक्षक ती ऐकून चोवीस जण निवडत. ते चोवीस दोन दिवस पडद्यामागे वाजवत आणि त्यातले सहा अंतिम फेरीत जात. तिथे मात्र पडदा नसे.

गुण देण्याची पद्धत साधी होती. पाच परीक्षक, प्रत्येकापुढे पिवळ्या चिठ्ठ्या, पंचवीसपैकी गुण, हवा तर अर्धाही. चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण गाळायचे आणि उरलेल्या तिघांची बेरीज धरायची. एकट्या माणसाचा लोभ किंवा राग असा आपोआप गळून जाई. पडदा असल्यामुळे गुरूने स्वतःच्या शिष्याला गुण द्यायलाही बंदी नव्हती. पडद्यामागे कोण आहे ते दिसतच नाही, तर बंदी कशाला?

दिसत नव्हतं हे खरं. पण ऐकू येत होतं.

दुसऱ्याच वर्षी एक परीक्षक सहज बोलून गेले, "आता टाचांचे बूट आले म्हणजे मुलगी असणार." ताईंनी त्याच संध्याकाळी दारापासून पियानोपर्यंत जाड सतरंजीची पट्टी अंथरली. मग कळलं की जड माणूस बसला की स्टूल करकरतं. स्टूल बदललं. एक मुलगा बसण्याआधी खोकायचा आणि त्याचा खोकला अख्ख्या संगीतशाळेला पाठ होता. तेव्हा ताईंनी नियम केला की पडद्यामागे घसा साफ करायचा नाही, बोलायचं नाही, काही हवं असेल तर हात वर करायचा, मी बोलेन. एकीचं अत्तर पडदा ओलांडून गेलं, म्हणून दारातच ओलं फडकं घेऊन उभं राहायलाही त्यांनी कमी केलं नाही. असं प्रत्येक भोक त्यांनी बुजवलं. समितीच्या नियमपुस्तकात ते नियम एकेक करून चढत गेले, आणि दर वर्षी नवी मुलं आली की चिटणीस सांगत, "पडद्यामागे राज्य ताईंचं. तिथे आमचंही चालत नाही." हे वाक्य ऐकताना ताई खाली बघत असत, पण ते चुकून राहिलं तर चिटणिसांना आठवण करून द्यायलाही विसरत नसत.

घरी लेक चिडवायची. "आई, तू घरातसुद्धा पावलं न वाजवता चालतेस. दचकायला होतं. एक घुंगरू बांध."

नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी, स्पर्धेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट.

पडद्यामागे पियानोपासून तीन हातांवर ताईंची बुटकी खुर्ची. हातात स्टॉपवॉच. प्रत्येक स्पर्धकाला वाजवण्याआधी दहा सेकंद पियानो चाचपून बघायची मुभा होती, कारण दर पियानोच्या पट्ट्यांचं वजन वेगळं, कुठे हलकं, कुठे हट्टी. कुणी एखादी सुरावट फिरवून घेई, कुणी दोन्ही हातांनी धाडकन काहीतरी वाजवून स्वतःलाच धीर देई.

चार नंबरचा मुलगा बसला. डाव्या करंगळीने त्याने सगळ्यात खालचा सूर दाबला आणि तो विरेपर्यंत थांबला. मग मधला. मग उजव्या करंगळीने अगदी वरचा. मान किंचित कलती. आणि पडद्याच्या पलीकडून एक बारीकसा आवाज आला, टिक्. टेबलावर चष्मा ठेवल्याचा.

तो आवाज ताई ओळखून होत्या. परीक्षकांमधले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, ते मन लावून ऐकायचं असलं की चष्मा काढून ठेवत. पडद्याला दोन बाजू असतात. परीक्षक पलीकडून जसे ऐकत तशाच ताई अलीकडून ऐकत, आणि त्यांच्याकडे तर ऐकायला सव्वीस वर्षं होती.

पाच, सहा, सात, आठ नंबर झाले. चष्मा कधी मध्येच, कधी नाहीच. नऊ नंबरची मुलगी बसली. खालचा सूर, मधला, वरचा. टिक्.

ताईंचा अंगठा स्टॉपवॉचवर तसाच राहिला.

अकरा नंबर. खालचा, मधला, वरचा. टिक्. आणि या वेळी शेजारची एक खुर्चीही हलली, कुणीतरी पुढे सरकून बसल्यासारखी.

फेरी संपल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली काढली. नंबर, नाव आणि गुरू असे तीन रकाने असलेली वही त्यांच्याच हातची होती. चार, नऊ, अकरा. तिघांच्या पुढे गुरू म्हणून एकच नाव होतं, थोरल्या सरांचं. त्यांनी मागची वही उघडली, मग तिच्या मागची. नावावर बोट ठेवलं की त्यांना चेहरा आठवत नसे, हात आठवत. मागच्या पाच वर्षांत सरांची एकोणीस मुलं पडद्यामागे बसली होती. त्या एकोणीस जोड हातांनी आधी तेच तीन सूर दाबले होते. एकोणिसातली चौदा अंतिम फेरीत गेली होती.

मुलं चांगलीच होती, यात शंका नव्हती. पण चौदा? आणि जास्तीचे गुण गाळून काय उपयोग? एकाने ओळखलं तर गाळता येतं. पाचही जणांनी एकच गोष्ट ऐकली तर गाळणार काय?

संध्याकाळी जेवताना त्यांनी घरी विषय काढला.

"पडद्याला भोक आहे हो."

शिंप्याचा घास हातातच राहिला. गळ्यातली टेपसुद्धा त्याने अजून काढली नव्हती. "भोक? मी शिवलेल्या पडद्याला? तीन पदर आहेत. तोफगोळा गेला नसता त्यातून."

"कापडाला नाही. आवाजाला."

त्यांनी सगळं सांगितलं. लेक जेवायची थांबून ऐकत राहिली. "म्हणजे ते सर लबाड आहेत?"

"नाही गं. तोच तर घोळ आहे. सर स्वतः तसंच चाचपतात. मी पाहिलंय त्यांना, नवा पियानो आला तेव्हा. मुलांनी ते बघून बघून उचललं. कुणी शिकवलंही नसेल. आणि ते तीन सूर कानावर पडले की सरांना आपलं माणूस आल्यासारखं वाटत असणार. का वाटतं ते त्यांनाही ठाऊक नसेल."

"मग सांगून टाक की उद्या," लेक म्हणाली.

"कुणाला? पाच एवढाले परीक्षक. त्यांना मी सांगू, तुमचे कान तुम्हाला फसवतात म्हणून?"

शिंप्याने पाण्याचा घोट घेतला आणि मग हळूच विचारलं, "ती मागच्या वर्षीची पोरगी या वर्षी पण आहे ना? अर्ध्या गुणाने गेलेली?"

ताईंनी मान हलवली. होती. या वर्षी तिला चौदा नंबर आला होता आणि तिची पाळी उद्या होती. तिला कुठल्या संगीतशाळेत नव्हे, तर प्राथमिक शाळेत मुलांची गाणी बसवणाऱ्या तिच्या आत्याने शिकवलं होतं. मागच्या वर्षी ती सातवी आली, सहाव्यापेक्षा अर्ध्या गुणाने खाली. सहावा सरांचा विद्यार्थी होता. ती पियानो चाचपतच नसे. पट्ट्यांवर हात ठेवायची आणि उचलायची. ताईंनी नंतर कारण विचारलं तर म्हणाली होती, "आधीच वाजवलं तर आतलं संपून जाईल असं वाटतं." तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

"ती आवडली म्हणून तर तुला भोक दिसत नाही ना?" शिंप्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मोजमाप दोनदा घ्यायची सवय होती, एवढंच.

ताईंनी प्रश्न उलटसुलट करून पाहिला. आवडली होती, खोटं का बोला. मग मनातल्या मनात त्यांनी वहीतली चौदा नंबरची ओळ खोडून टाकली आणि पुन्हा पाहिलं. भोक तिथेच होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती नसती तरी बोलावं लागलंच असतं."

सकाळी साडेआठला त्यांनी चिटणिसांना गाठलं. चिटणीस दोन फोनवर एकदम बोलत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले.

"ताई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण ही मोठी माणसं आहेत. तुम्ही त्यांच्या कानांवर शंका घेताय. चुकलात, तर पडदा तुमच्याकडे ठेवा असं मला म्हणता येणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. पडदा गेला तर नोकरी राहिली असती, झाडू राहिला असता. पण पडद्यामागचं राज्य गेलं असतं. आणि पडदा तसाच भोकासकट राहिला असता तर ते राज्य तरी कसलं? नुसतं काळं कापड.

"कळतंय," त्या म्हणाल्या आणि परीक्षकांच्या खोलीचं दार वाजवलं.

आत पाचही जण चहा पीत होते. अध्यक्षबाई एका संगीतशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बोलायला कमी आणि ऐकायला कडक. थोरले सर खिडकीपाशी. एक टायवाले परीक्षक होते, त्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं मत पहिलं असावं असं वाटे. उरलेले दोघे कागद चाळत होते.

"पडद्यामागून ओळख पटतेय," ताईंनी सरळ सांगितलं. "चाचपणीच्या दहा सेकंदांत. वाजवायला सुरुवात होण्याआधीच."

"कुणाची ओळख?" टायवाल्यांनी विचारलं.

"ते मी सांगितलं तर तुम्ही कान सांभाळाल. मला ते सांभाळलेले नको आहेत."

टायवाले हसले. "बाई, तुम्ही पियानो वाजवता का?"

"वाजवत नाही. पुसते," ताई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं पुसते."

खोलीत कुणीतरी कप ठेवला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून ताईंकडे पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

"पाच मिनिटं. तुम्ही रोजच्या जागी बसा. पडद्यामागे तीनदा चाचपणी होईल, नुसती चाचपणी. दर वेळी चिठ्ठीवर लिहा, वाजवणारा कुणाकडे शिकला असेल. सांगता येत नसेल तर रेघ मारा. आत कोण आहे ते विचारायचं नाही, नेहमीसारखंच."

थोरले सर खिडकीपासून वळले. "करू या की," ते म्हणाले. "चुकीचं असेल तर चहा गार होईल, एवढंच."

पियानोचे सूर लावणारे काका सकाळचं काम आटपून हत्यारं पिशवीत भरत होते. ताईंनी त्यांना हाताने खुणावलं. काकांनी भुवया उंचावल्या, पण पडद्यामागे बोलायचं नाही हा नियम त्यांनाही लागू होता. पहिल्यांदा त्यांनी मधल्या पट्ट्यांवर एक सुरावट फिरवली. थांबले. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी जाडसर काहीतरी वाजवलं आणि स्वतःवरच खूश झाले. पलीकडे पेनं खरडली, शांत झाली.

तिसऱ्या वेळी ताईंनी काकांच्या खांद्याला स्पर्श केला, त्यांना उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

इतकी वर्षं ज्या पट्ट्यांना आवाज न करता हात लावला, त्यांना आता मुद्दाम दाबायचं होतं. डाव्या करंगळीला घाम आला. चुकून शेजारची दाबली गेली तर? हळू दाबली आणि वाजलीच नाही तर? सवय तीच तर होती. त्यांनी श्वास धरला आणि बोट खाली सोडलं.

खालचा सूर उठला, सभागृहभर पसरला. त्यांनी तो पूर्ण विरू दिला. घाई केली असती तर ते सरांचं झालं नसतं. मग मधला. मग उजवी करंगळी, अगदी वर. पाण्यात खडा पडावा एवढा छोटा सूर.

टिक्.

चष्मा टेबलावर ठेवला गेला. चिठ्ठ्या पेटीत पडायच्या आधीच ताईंना कळलं होतं.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या दोन वेळच्या दहाही चिठ्ठ्यांवर रेघा होत्या. तिसऱ्या वेळच्या चार चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरात एकच गोष्ट लिहिली होती, थोरल्या सरांचा विद्यार्थी. त्यातली एक चिठ्ठी टायवाल्यांची होती. पाचवी त्यांनी मोठ्याने वाचली. "माझाच. बहुतेक कालचा नऊ नंबर. हात चांगला आहे."

"कोण आहे आत? बाहेर या," टायवाले म्हणाले.

पडदा सरकला आणि ताई बाहेर आल्या. घाईत खांद्यावरचं फडकं काढायचं राहून गेलं होतं.

थोरल्या सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ताईंना त्या क्षणी वाटलं, आपण या म्हाताऱ्या माणसाचं फार मोठं काहीतरी भर सभेत उघडं केलं. त्यांना माफी मागावीशी वाटली, पण कशाची तेच सापडेना.

"पुन्हा वाजवा बघू," सर म्हणाले.

त्यांनी वाजवलं. तिन्ही सूर, पडदा उघडा ठेवून. सर डोळे मिटून ऐकत होते.

"माझे गुरू असंच करायचे," ते अखेर म्हणाले. "खालचा सूर पियानोचं वय सांगतो म्हणायचे, मधला स्वभाव, वरचा खोड. मी हे कुणाला शिकवलेलं नाही. मी करतो हेही मला माहीत नव्हतं." मग ते हसले, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "किती वर्षं मी पडद्याआड आपलीच पोरं ऐकत होतो, आणि मला वाटत होतं मी संगीत ऐकतोय."

"दोन्ही ऐकत होता, सर," ताई म्हणाल्या. "मुलं वाजवतात चांगलीच."

"ते आता कसं कळणार?"

हा प्रश्न कामाचा होता आणि त्यावर मग सगळेच बोलायला लागले. ताईंनी आपलं म्हणणं सांगितलं की चाचपणी सकाळीच उरकावी. परीक्षक इमारतीत नसताना प्रत्येकाला तीन मिनिटं द्यावीत आणि नंतर पडद्यामागे बसलं की सरळ वाजवायला लागावं. पण कालच्या बारा जणांचं काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रत्येकाने तीन रचना तयार केल्या आहेत. कालचे गुण रद्द. कालची सोडून दुसरी वाजवू दे. नंबर नवे द्या." अंतिम फेरी एक दिवस पुढे गेली. चिटणिसांनी डोक्याला हात लावला, कारण शहरभर लागलेल्या फलकांवर तारीख छापलेली होती. दिवसभर ते पांढऱ्या पट्ट्या आणि डिंकाची बाटली घेऊन हिंडताना दिसले.

सभागृहातून निघताना सर ताईंपाशी थांबले. "वहीत बघा आणि माझ्या मुलांना मी दिलेले गुण गाळून टाका. कुठली माझी ते मला सांगू नका."

चोवीस नव्या चिठ्ठ्या, चोवीस नवे नंबर. कालच्या बारा जणांपैकी काहींनी कुरकुर केली, एकाने तर ताईंना ऐकवलं, "तुमच्या पडद्याचं आम्हाला काय?" ताई म्हणाल्या, "तुझाच आहे तो. तुला कळेल." चौदा नंबरची मुलगी आता वीस नंबरची झाली. तिला कशातलंच काही माहीत नव्हतं. सकाळच्या तीन मिनिटांतही तिने फक्त हात ठेवला आणि उचलला. ताईंनी स्टॉपवॉच चालू केलं, बंद केलं.

तिची पाळी नव्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती सतरंजीच्या पट्टीवरून चालत आली, पावलांचा आवाज नाही. बसली, स्टुलाचा आवाज नाही. क्षणभर पडद्याच्या दोन्ही बाजूंना कुणीच नव्हतं, असं ताईंना वाटलं. मग तिने वाजवायला सुरुवात केली.

संगीतातलं ताईंना शास्त्र कळत नाही. पण हात कळतात. त्या मुलीचे हात पट्ट्यांना दुखवत नव्हते, आणि तरीही काही लपवत नव्हते. मधल्या संथ भागात ताईंना जाणवलं की पलीकडून एकही आवाज येत नाहीये. पेन नाही, खुर्ची नाही. चष्म्याचा तो टिक् आवाज आलाच नाही. किंवा चष्मा आधीच उतरलेला असेल, सगळ्यांसाठीच.

संध्याकाळी फळ्यावर सहा नंबर लागले. वीस नंबर तिसरा होता. सरांचे दोन विद्यार्थी सहांत होते, त्यांचे स्वतःचे गुण गाळूनसुद्धा. त्यातली आधीची नऊ नंबरची मुलगी दुसरी. एरवी तीन-तीन जात, या वर्षी दोन. सर फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. ताईंना वाटलं, दुखावले असतील. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"या दोघांबद्दल मला आज पहिल्यांदा खात्री आहे," ते म्हणाले. "ही खरी माझी पोरं." मग कोटाच्या खिशातून त्यांनी एक पिवळी चिठ्ठी काढली. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या फेरीनंतर फाडायच्या असत. "ही मी अध्यक्षबाईंकडून मागून घेतली. गुणांची नाही, त्यामुळे नियम मोडत नाही. तुम्ही ठेवा."

दाराशी वीस नंबरची मुलगी आत्याला फोनवर सांगत होती, रडत आणि हसत. ताई जवळून जाताना तिने फोनवर हात ठेवला. "ताई, या वर्षी नशीब चांगलं होतं माझं."

"नशीब नव्हतं गं," ताई म्हणाल्या. "पडदा नीट शिवलेला होता."

घरी शिंप्याने चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली. एकदा मनात, मग मोठ्याने. "'माझाच. बहुतेक कालचा नऊ नंबर. हात चांगला आहे.' कुणाचा हात?"

"माझा," ताई म्हणाल्या.

"आई, तू पियानो वाजवलास?" लेक ओरडलीच. "आणि परीक्षकांना आवडला?"

"तीन सूर."

"तीन तर तीन! गुण किती?"

"गुण दिलेच नाहीत."

शिंप्याने चिठ्ठीची घडी घातली आणि सुयांच्या डबीत ठेवली, तिथे फक्त चांगल्या सुया असत. "पडद्याचं नाव निघालं का गं तिथे? कोण शिवलाय वगैरे?"

"निघालं ना. मीच काढलं."

त्या संध्याकाळी शिंप्याने तीनदा विनाकारण गळ्यातली टेप काढली आणि पुन्हा घातली.

पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तकात अकरावा नियम छापून आला. पियानोची चाचपणी परीक्षकांच्या गैरहजेरीत करावी. त्यापुढे कुणाचं नाव नव्हतं, नियमापुढे नसतंच. त्याआधी, या वर्षीच्या अंतिम फेरीच्या सकाळी मात्र ताई नेहमीच्या वेळी आल्या, पडदा एका बाजूला बांधून ठेवला आणि पट्ट्या पुसायला घेतल्या. बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. फडकं अगदी वरच्या पट्टीवरून खाली आलं. रिकाम्या सभागृहात कुठलाच आवाज झाला नाही.